वावरातलं औषध नाल्यात उतरू नये म्हणून: गवताची चारी आणि छोटी पाणथळ कशी करायची

कपाशीवर मारलेलं औषध नाल्यात तीन वाटांनी उतरतं. पहिली वाट फवारणीनंतर पडलेल्या जोराच्या पावसाची. काही औषध पाण्यात विरघळून जातं, काही वाहून जाणाऱ्या मातीला चिकटून जातं. दुसरी वाट वाऱ्याची. नाल्याला लागून असलेल्या शेवटच्या तासापर्यंत, म्हणजे पिकाच्या ओळीपर्यंत, पंप चालवला की तुषार सरळ पाण्यावर पडतात. तिसरी वाट दिसायला सगळ्यात छोटी आणि परिणामाने सगळ्यात वाईट: नाल्याच्या काठावर ड्रम भरणं, रिकामी बाटली विसळणं, पंप धुणं.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यानंतर हातमोजे, मास्क, गॉगल यांवर बोलणं सुरू झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच औषधाचा जो भाग पाण्यात जातो, त्याकडे अजून फार कोणी पाहत नाही. त्या नाल्यावर गुरं पाणी पितात, बाया धुणं धुतात, पोरं मासे धरतात. काठच्या विहिरींना त्याच पाण्याचा पाझर असतो. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर भूगर्भातलं पाणीच खारं, तिथे नाल्या-तळ्यातलं गोडं पाणी खराब झालं तर दुसरा आधार उरत नाही.

औषध बंद करा, असं हा लेख सांगत नाही. पश्चिम विदर्भातल्या कोरडवाहू कपाशी-सोयाबीन-तुरीत ते लगेच शक्य नाही हे मला माहीत आहे. वावरातून निघालेलं पाणी नाल्यात पडण्याआधी कुठेतरी हिरव्या गवतात, चिखलात, वनस्पतींच्या मुळांत थांबलं पाहिजे, आणि ते कसं थांबवायचं एवढंच इथे सांगायचं आहे. जेवढा वेळ पाणी थांबेल तेवढं विष कमी होतं. नाल्याचा वेग वाढवणारं प्रत्येक काम याच्या उलट जातं.

सुरुवात ड्रमापासून

पाणथळ खोदण्याआधी हे करा, कारण याला पैसा जवळजवळ लागत नाही. एक हिशेब पाहा. ३६ टक्के मोनोक्रोटोफॉसच्या १० मिलिलिटरमध्ये, म्हणजे साधारण एका टोपणभर द्रवात, ३.६ ग्रॅम मूळ विष असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, आहे. म्हणजे एक टोपण ३६ लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. टोपणभर औषध, दीड शेततळं पाणी. नाल्यावर बाटली विसळण्याचा अर्थ एवढा मोठा आहे, आणि खाली कितीही चांगली पाणथळ केली तरी हा घाव ती भरून काढू शकत नाही.

म्हणून ड्रम भरायची जागा नाल्यापासून आणि विहिरीपासून शंभर फुटांच्या वर, सपाट, गवताच्या जमिनीवर ठरवा आणि हंगामभर तीच ठेवा. पाणी कॅनने किंवा पाइपने तिथे आणा. पाइपचं तोंड ड्रमातल्या द्रवात बुडू देऊ नका. मोटर बंद पडली की औषध उलटं विहिरीत ओढलं जातं. बाटली रिकामी झाली की तीनदा पाणी घालून हलवा आणि ते धुवण पंपातच ओता. तेवढं औषध पिकालाच मिळतं, पैसेही वाया जात नाहीत. मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे घरात तेल-रॉकेलसाठी तिचा वापर होणार नाही. जाळू नका, नाल्यात तर मुळीच टाकू नका.

पंपाचं धुवण कुठे टाकायचं हा खरा प्रश्न असतो. थोडं धुवण पाणी वाढवून त्याच पिकावर फिरवून टाकणं सगळ्यात सोपं. पण पाच-सहा कास्तकार एकाच ठिकाणी पंप भरत-धूत असतील, तर तिथे एक जैवखड्डा करा. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात ही पद्धत सुरू झाली आणि पुढे बऱ्याच देशांत पसरली. दोन-अडीच फूट खोल खड्डा घ्या, तळाला शेततळ्याच्या अस्तराचा उरलेला जाड कागद टाका. घमेल्याने मोजून दोन भाग गव्हाचा भुसा आणि बारीक केलेल्या तुराट्या, एक भाग तुमच्याच वावरातली माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत असं मिश्रण करा. ओलं करून महिना-दीड महिना ढीग तसाच ठेवा, मग खड्डा भरा. वर हरळी लावा. लाकूड कुजवणारी बुरशी भुशावर आणि तुराट्यांवर वाढते आणि तीच औषधाचे रेणू तोडते. म्हणून नुसती माती भरून चालत नाही. सोयाबीनचं कुटार जनावरांना लागतं, ते यात घालवायची गरज नाही. खड्ड्यावर चार टिनं टाकून पाऊस अडवा, उन्हाळ्यात अधूनमधून पाणी शिंपडा, दरवर्षी मिश्रण खाली बसेल तेवढं वरून भरा. काही वर्षांनी ते बदलावं लागतं. काढलेलं मिश्रण वर्षभर वेगळं झाकून ठेवा, मग धुऱ्यावर (वावराच्या बांधावर) टाका, भाजीपाल्यात नको.

फवारणीच्या वेळेचंही इथेच सांगून टाकतो. येत्या २४ तासांत पाऊस दिसत असेल तर पंप उचलू नका. हवामान खात्याचा तालुक्याचा अंदाज मोबाइलवर ‘मेघदूत’ॲपमध्ये मिळतो. फवारणीनंतरचा पहिला मोठा पाऊस सगळ्यात जास्त औषध वाहून नेतो, आणि तुमचं औषध धुऊन गेलं म्हणजे दुसऱ्या फवारणीचा खर्चही आलाच. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा, मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे. एका सापळ्यात रोज ८ पतंग सलग तीन रात्री आले, तरच फवारणीचा विचार करायचा. जी फवारणी टळली तिचं पाणी गाळावंच लागत नाही.

पावसात वावर फिरून पाहा

कागदावर नकाशा काढण्याआधी जुलैमधल्या एखाद्या जोराच्या पावसात इरलं-छत्री घेऊन वावरात जा. पाणी कोणत्या सऱ्यांतून येतं, धुरा कुठे फुटलेला आहे, कोणत्या कोपऱ्यातून लाल-काळं पाणी नाल्यात पडतं, हे फक्त तेव्हाच दिसतं. बहुतेक वावरांत पाणी सगळीकडून जात नाही, एक-दोन ठिकाणांहूनच बाहेर पडतं. ती तोंडं खुणेच्या काठ्या रोवून धरून ठेवा. पुढचं सगळं काम त्या तोंडांवर आहे.

त्याच फेरीत हेही बघा की सऱ्या उताराच्या दिशेने आहेत की आडव्या. उतारावर सरळ पेरलेल्या पऱ्हाटीच्या प्रत्येक सरीतून पाणी धावतं. उताराला आडवी पेरणी आणि सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरी केली तर पाणी वावरातच मुरतं. वर पाणी मुरलं नाही तर खालची पाणथळ दरवेळी ओसंडून वाहील.

काळ्या मातीचा स्वभाव इथे ध्यानात घ्यायला हवा. उन्हाळ्यात तिला मोठ्या भेगा पडतात, जूनमध्ये पहिलं पाणी त्या भेगांतून खोल जातं. जुलैनंतर माती फुगली की भेगा मिटतात आणि त्यानंतरचा जोराचा पाऊस बराचसा वरूनच वाहतो. कपाशी-सोयाबीनच्या फवारण्या नेमक्या त्याच काळात, जुलै ते सप्टेंबरमध्ये येतात. आपल्याकडे हा प्रश्न इतका तीव्र होण्याचं हेही एक कारण आहे.

पाणी थांबलं की काय होतं

सगळी औषधं सारखी वागत नाहीत. सायपरमेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन, क्लोरपायरिफॉस ही मातीला आणि पानांना घट्ट चिकटणारी. पाण्याचा वेग कमी झाला, गाळ खाली बसला की ती गाळाबरोबर बसतात. यांना पकडणं तुलनेने सोपं, आणि पकडायलाच हवं, कारण सायपरमेथ्रिनच्या जातीची औषधं मासे आणि पाणकिड्यांसाठी अतिशय विषारी असतात.

इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, ॲसिफेट, मोनोक्रोटोफॉस ही पाण्यात सहज विरघळणारी. गाळ बसला तरी ही पाण्याबरोबर पुढे जातात. यांच्यासाठी वेळ लागतो. पाण्यात उभ्या असलेल्या देठांवर आणि सुकलेल्या पानांवर जो बुळबुळीत थर येतो, त्यातले जिवाणू त्यांना हळूहळू तोडतात. ऊनही काम करतं: स्वच्छ उथळ पाण्यात इमिडाक्लोप्रिड सूर्यप्रकाशाने काही तासांत बरंच मोडतं, तेच अंधारात, मातीत महिनोन् महिने टिकतं. क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधं जास्त सामूच्या (पीएचच्या) पाण्यात लवकर तुटतात आणि आपली माती मुळात चुनखडीची, विम्ल. पावसाळ्यातलं आपलं कोमट पाणीही जिवाणूंना मानवतं. या दोन बाबतींत निसर्ग आपल्या बाजूने आहे.

म्हणून एकाच पाणथळीत तीन प्रकारचे भाग हवेत: गाळ बसायला खोल जागा, जिवाणूंना घर म्हणून दाट वनस्पती, आणि शेवटी ऊन लागेल असं थोडं मोकळं पाणी.

आधी गवताची चारी

पाच एकरांच्या कास्तकाराने पहिल्याच वर्षी जमीन सोडून पाणथळ करावी, अशी अपेक्षा मी करणार नाही. त्याने वावराच्या तोंडापासून नाल्यापर्यंतची जी चारी आहे, किंवा पांदणीच्या कडेची जी नाली आहे, तीच हिरवी करावी. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कापसाच्या पट्ट्यात शास्त्रज्ञांनी ५० मीटर लांबीच्या, वनस्पती असलेल्या चारीत पावसाच्या पाण्यासारखं औषधमिश्रित पाणी सोडून पाहिलं. एका तासानंतर मोजलेल्या लॅम्डा-सायहॅलोथ्रिनपैकी ८७ टक्के आणि ॲट्राझिन या तणनाशकापैकी ६१ टक्के वनस्पतींवर सापडलं. हा निष्कर्ष २००१ मध्ये छापला गेला. त्यांची माती वेगळी, पाऊस वेगळा, त्यामुळे तेच आकडे इथे मिळतील असं समजू नका. पण चारीतलं तण ज्याला आपण घाण म्हणून खरडून काढतो, तेच काम करत असतं, एवढं यातून स्पष्ट होतं.

चारीचा तळ दोन-तीन फूट रुंद आणि सपाट ठेवा. व्ही आकाराची चारी करू नका, तिच्यात पाणी एका धारेत पळतं. काठ तिरपे, एक फूट उंचीला दोन फूट पसरट. चारीत दगडांचे फूटभर उंचीचे आडवे बंधारे घाला. अंतर काढायचं सोपं गणित असं की वरच्या बंधाऱ्याचा पायथा आणि खालच्या बंधाऱ्याचा माथा एका पातळीत यावा. शंभर फुटांत एक फूट उतार असेल तर शंभर फुटांवर एक, दोन फूट उतार असेल तर पन्नास फुटांवर एक. पातळी बघायला मिस्त्रीची पाण्याची नळी पुरते. बंधाऱ्याचा मधला भाग कडांपेक्षा थोडा खाली ठेवा, नाहीतर पाणी बाजूने माती कापून जातं.

काठावर आणि बंधाऱ्यांच्या वरच्या बाजूला वाळा लावा, चार-सहा इंचांवर एक ठोंब, दाट ओळीत. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात, उन्हाळा सोसतात, आणि तो बाजूच्या वावरात पसरत नाही. तळात हरळी, मारवेल, नाल्यात आपोआप येणारं पाणगवत राहू द्या. लव्हाळ्याचं नाव काढलं की कास्तकार घाबरतो आणि त्याचं घाबरणं बरोबर आहे. वावरातला गाठींचा लव्हाळा इथे आणून लावू नका. नाल्याच्या कडेला उंच वाढणारे, पाण्यात उभे राहणारे मोठे लव्हाळे वेगळे, ते चालतात.

नाल्याच्या काठाने पाच मीटर रुंद गवताचा पट्टा सोडता आला तर फार चांगलं. शंभर मीटर लांबीला पाच गुंठे जातात, हे आधीच सांगतो. त्या पट्ट्यात आणि शेजारच्या पिकाच्या चार-पाच ओळींत फवारणी करायची नाही. आणि धुऱ्यावर, चारीवर तणनाशक मारायचं नाही. हल्ली धुरे स्वच्छ दिसावेत म्हणून सर्रास मारतात. मेलेलं गवत माती धरत नाही, आणि ते तणनाशक पहिल्याच पावसात नाल्यात जातं.

पाणथळ: जागा आणि माप

चार-सहा वावरांचं पाणी एका लवणात येऊन नाल्याला मिळत असेल, तर तिथे पाणथळ करण्यासारखी जागा आहे. मुख्य नाल्यात आडवं काही बांधू नका. पुराचं पाणी ते उखडून नेईल आणि बसलेला गाळ एका झटक्यात पुढे जाईल. पाणथळ नाल्याच्या बाजूला हवी, वावरांचं पाणी नाल्यात पडण्याआधी. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीच्या चढावर ती करू नका. विहिरीपासून जमेल तितकी लांब, आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या.

माप असं काढा. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण एक लाख लिटर पाणी. २५ एकरांवर २५ लाख लिटर. माती भिजलेली असताना त्यातलं ४० टक्के वाहून निघालं असं धरलं तर १० लाख लिटर. पाणलोटाच्या एक टक्का जागा पाणथळीला दिली, म्हणजे २५ एकरांना १० गुंठे, आणि तिच्यात फूटभर पाणी साठवण्याची जागा ठेवली, तर तीन लाख लिटर मावतात. म्हणजे त्या पावसाचा साधारण तिसरा हिस्सा. हे कमी वाटेल, पण सुरुवातीला येणारं पाणीच सगळ्यात जास्त औषध घेऊन येतं, आणि ते धरणं हाच हेतू आहे. दोन टक्के जागा मिळाली तर उत्तम. एक टक्क्याच्या खाली जायचं असेल तर मी म्हणेन त्यापेक्षा चारी लांब करा.

१० गुंठ्यांसाठी ६० फूट रुंद आणि १८० फूट लांब असा आकार चांगला. पाणी एका टोकाने यावं, दुसऱ्या टोकाने जावं. चौकोनी खड्ड्यात पाणी कोपऱ्यातून कोपऱ्यात पळतं आणि बाकीची जागा मेलेली राहते.

काम फेब्रुवारी ते मे मध्ये काढा. आत येण्याच्या तोंडाशी तीन-चार फूट खोल गाळकुंड घ्या, एकूण जागेच्या दहाव्या हिश्श्याएवढं. तिथे जड माती बसते आणि दरवर्षी तिथूनच काढता येते. गाळकुंडाच्या पुढे सगळा तळ जवळजवळ सपाट करा. मध्ये दोन-तीन आडवे मातीचे वरंबे घाला, एक डावीकडून अर्ध्याहून जास्त रुंदीपर्यंत, पुढचा उजवीकडून, म्हणजे पाणी नागमोडी फिरेल. शेवटचा पाचवा हिस्सा वनस्पतींविना मोकळा ठेवा. उन्हाचं काम तिथे होतं.

बांध नुसत्या काळ्या मातीचा केला तर उन्हाळ्यात तडकतो आणि पहिल्या पावसात त्याच तड्यांतून फुटतो. आत काळी माती थर-थर दाबून घ्या, बाहेरून मुरमाचा जाड थर द्या. दोन्ही बाजूंना एकास दोन उतार. खारपाणपट्ट्यात माती पाण्यात विरघळल्यासारखी सुटते, तिथे बांधाच्या मातीत जिप्सम मिसळा आणि मुरूम बाहेरून आणाच. तळाच्या भेगांसाठी धानाच्या बांधीत (भातखाचरात) करतात तशी चिखलणी करा: पहिल्या पावसाचं थोडं पाणी साचलं की बैल किंवा ट्रॅक्टर फिरवून तळ गाळून टाका. त्याने पाणी खाली झिरपणं कमी होतं आणि विरघळणारी औषधं भूजलात जाण्याचा धोकाही.

निकासाला चार इंची पाइप, तळापासून सहा इंच वर. म्हणजे सहा इंच पाणी कायम राहील आणि वनस्पती ओल्या राहतील. पाइपच्या तोंडाला टोपण लावून त्याला दोन इंची भोक पाडा. एवढ्या भोकातून सेकंदाला जेमतेम दीड-दोन लिटर पाणी जातं, त्यामुळे वरचं फूटभर पाणी उतरायला दोन-अडीच दिवस लागतात. तेवढ्यात पुढच्या पावसासाठी जागाही मोकळी होते. भोकासमोर जाळी लावा, काडीकचऱ्याने ते बुजतं.

सांडव्यावर कंजूषी करू नका. तळापासून दीड फुटावर, १२ ते १५ फूट रुंद, दगडांनी पिचिंग केलेला सांडवा ठेवा आणि बांध त्याच्याही वर दीड फूट न्या. सांडवा शेवटच्या टोकाला न ठेवता गाळकुंडाच्या बाजूला ठेवा. पाणथळ भरली की त्यानंतरचा मोठा लोंढा आत न शिरता बाहेरूनच नाल्याकडे वळेल, आणि आधी पकडलेला गाळ ढवळून निघणार नाही.

आत लावायला पाणकणीस सगळ्यात सोपं. गावच्या नाल्यातून, जुन्या खदानीतून कंद मिळतात. जूनमध्ये तीन फुटांवर एक लावा. हिवाळ्यात ते वाळतं, उन्हाळ्यात मेल्यासारखं दिसतं, पहिल्या पावसात कंदातून पुन्हा फुटतं. वाळलेले देठ कापून नेऊ नका, त्यांच्यावरच तो बुळबुळीत थर बसतो. एप्रिल-मे मध्ये धुरे जाळतात तेव्हा ही आग आत येणार नाही एवढी पट्टी मोकळी ठेवा. पाणकणीस झपाट्याने पसरतं, म्हणून पाणथळीच्या लगेच खाली सिंचनाचा तलाव असेल तर ते टाळा, वाळा आणि मोठे लव्हाळे लावा. बेशरम मुळीच नको. ती कुठेही जगते हे खरं, पण पाणथळ गिळून टाकते आणि शेळ्यांना विषारी आहे. जलकुंभीही नको.

नागपूरच्या नीरी या संस्थेने सांडपाण्यासाठी ‘फायटोरिड’ हे दगड-वाळू आणि वनस्पतींचं तंत्र विकसित केलं आहे. कोणी तुम्हाला तसलंच काहीतरी वावरासाठी सुचवेल. ते घरांच्या रोजच्या एकसारख्या पाण्यासाठी चांगलं. वावरातून येणाऱ्या गढूळ लोंढ्याने दगडांमधल्या फटी लगेच बुजतील. आपल्याला उघडी, उथळ, मातीच्या तळाची पाणथळच हवी.

जुन्या तलावाला गाळणी करू नका

हे वेगळं सांगायची गरज आहे. गावात आधीच तलाव आहे, मग तिकडेच पाणी वळवू, असं सहज सुचतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या (छोटी तळी) या जिवंत पाणथळ जागा आहेत. त्यांत ढीवर समाजाची मासेमारी चालते, गोंदियात सारस पक्षी त्यांच्याच भोवती आणि धानाच्या बांध्यांत जगतो. तिथे औषध पोचता कामा नये. गाळणीची पाणथळ ही त्याच्या वर, वेगळी, मुद्दाम केलेली असली पाहिजे.

धानाच्या भागात तर बांधीच पाणथळीचं काम करू शकते. तणनाशक किंवा दाणेदार औषध टाकल्यावर बांधीचं तोंड पाच-सात दिवस बंद ठेवा, पाणी खालच्या बांधीत किंवा बोडीत सोडू नका. बांध चार बोटं उंच केले तर मधला पाऊसही आत मावतो. पाणी सोडायचं तेव्हा गवताच्या चारीतून सोडा. पूर्व विदर्भाला खोदाई न करता एवढ्याने बरंच साधेल.

आणि नवी पाणथळ केल्यावर पहिल्या दिवसापासून गावाला सांगा: इथलं पाणी प्यायचं नाही, गुरांना पाजायचं नाही, इथले मासे खायचे नाहीत, फवारणीच्या हंगामात इथलं गवत चाऱ्याला कापायचं नाही. फलक लावा, पण फलक म्हशीला वाचता येत नाही. बाभळीच्या काट्यांचं पक्कं कुंपण करा. गुरांसाठी जवळच वेगळं हौद-टाकं ठेवलं तरच हे टिकतं.

गाव, कागद आणि नाला खोलीकरण

२५ एकर म्हणजे पाच-सहा जणांची वावरं. ज्याच्या वावरात सगळ्यात खालचा कोपरा, त्यानेच एकट्याने दहा गुंठे का सोडावे? बाकीच्यांनी त्याला दरवर्षी त्या जागेच्या उत्पन्नाएवढे पैसे किंवा तेवढी मजुरी द्यावी, आणि हे साध्या कागदावर सगळ्यांच्या सह्यांनी लिहून ठेवावं. नाल्याकाठी ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीचा तुकडा मोकळा असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या, मग महसूल खात्याची परवानगी. ग्रामसेवक, तलाठी आणि कृषी सहायक या तिघांना जागेवर एकदा घेऊन जा. कागदावर समजत नाही ते तिथे समजतं. खोदाई, बांध आणि लागवडीचं काम रोजगार हमीच्या जलसंधारणाच्या कामांत बसवता येतं का, हे ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आधीच मांडा. नाल्यावर धुणं धुणाऱ्या आणि फवारणीला जाणाऱ्या बायांना त्या बैठकीत बोलावलंच पाहिजे. पाणी कधी फेसाळतं, कधी वास मारतं, हे त्यांना सगळ्यांत आधी कळतं.

याच ग्रामसभेत नाला खोलीकरणाचा विषयही काढा. पाणी साठावं म्हणून नाले खोल केले गेले, बऱ्याच गावांत त्याचा विहिरींना उपयोगही झाला. पण जिथे नाला सरळ करून, दोन्ही काठ मशीनने खरवडून उघडे ठेवले, तिथे पाणी आणि माती दोन्ही जास्त वेगाने खाली जातात. यापुढे खोलीकरण होईल तेव्हा निदान एका काठावरची झाडी-गवत राखायचं आणि खरवडलेल्या काठावर त्याच पावसाळ्यात वाळा लावायचा, अशी अट ठरावातच घाला.

पुढची देखभाल

औषधाच्या अंशाची प्रयोगशाळेत तपासणी महाग असते आणि एका नमुन्याने काही कळत नाही. औषध फवारणीनंतरच्या पावसात काही तास दिसतं आणि निघून जातं. तपासायचंच असेल तर फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात, आत येणारं आणि बाहेर जाणारं असं दोन्ही पाणी काचेच्या स्वच्छ बाटल्यांत घ्या, बर्फात ठेवून लगेच पोचवा. कोणती औषधं मारली त्यांची नावं सोबत द्या, म्हणजे प्रयोगशाळेला नेमकं शोधता येतं.

रोजच्या नजरेसाठी पाणकिडे पुरेत. पाणथळीच्या खाली, नाल्यात, दगड उचलून पाहा. दगडाला चिकटलेल्या, शेपटीला दोन-तीन बारीक तंतू असलेल्या मेफ्लायच्या अळ्या आणि चतुरांच्या अळ्या दिसत असतील तर पाणी बरं आहे. मेफ्लाय औषधाला फार नाजूक असते, ती सगळ्यात आधी जाते. नुसते लाल बारीक किडे आणि डासांच्या अळ्या उरल्या तर काहीतरी बिघडलं आहे. शाळेतल्या पोरांना हे महिन्यातून एकदा करायला द्या, वहीत तारीख, पाऊस, फवारणी आणि किडे लिहायला सांगा. हातमोजे घालून, आणि फवारणीच्या दिवसांत नाही. डास जिथे वाढतात ते साचलेले, वनस्पतीने झाकलेले कोपरे मोकळे करून पाणी हलतं ठेवा. डास मारायला पाणथळीत औषध टाकू नका.

प्रत्येक मोठ्या पावसानंतर निकासाची जाळी साफ करा, बांधावर उंदरा-खेकड्यांची बिळं आहेत का ते पाहा. पहिल्या वर्षी वनस्पती विरळ असतात, फार अपेक्षा ठेवू नका. दुसऱ्या पावसाळ्यात पाणथळ दाट होते आणि कामाला लागते.

गाळकुंडातला गाळ दरवर्षी मे मध्ये काढा, पाणथळीच्या तळातला तीन-चार वर्षांतून एकदा, तोही एका वेळी अर्धाच, म्हणजे उरलेल्या अर्ध्यातून वनस्पती पुन्हा पसरतील. हा गाळ ‘गाळयुक्त शिवार’ योजनेतल्या धरणाच्या गाळासारखा सरळ भाजीपाल्यात पसरवू नका, त्यात चिकटणारी औषधं साठलेली असतात. धुऱ्याजवळ, नाल्यापासून दूर, पातळ थरात उन्हात पसरा, पावसाळ्याआधी भोवती मातीची पाळ घाला, त्यावर गवत किंवा धैंचा उगवू द्या आणि वर्षभराने ती माती कपाशीच्या वावरात, वरच्या अंगाला टाका.